पाऊण भागिले अर्धा

बाई,

तुम्हाला लिहायचं बरेच दिवस मनात होतं. तुम्ही गेल्याची बातमी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा कितीतरी महिने उलटून गेले होते. निपाणीहून वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला होता, दुसऱ्याच कुठल्या कामासाठी, आणि बोलता बोलता ती म्हणाली, अगं, आपल्या गणिताच्या बाई गेल्या की मागेच. मी त्या वेळी इथे बंगळूरला, एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत, प्रकाशकांनी पाठवलेल्या नमुना प्रतींच्या ढिगात बसले होते. फोन ठेवला आणि हातातलं सातवीचं पुस्तक पुढे वाचत राहिले. सांगणार कोणाला? त्या कचेरीत तुम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं, आणि या एवढ्या मोठ्या गावातही नव्हतं. घरी आले तर घरीही कोणी नव्हतं. हे, म्हणजे माझे यजमान, जाऊन तेव्हाच काही वर्षं झाली होती. आज शनिवार आहे, दुपार मोकळी आहे, म्हणून लिहायला बसले.

मी काय काम करत होते ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. लग्न होऊन राजाजीनगरला आले. सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या इथलीच, घरात मराठी बोलायची पण ‘बरं’च्या जागी ‘सरी’ म्हणायची, आणि यांना तर आकडे फक्त कन्नडमध्येच यायचे. दूधवाल्याचा हिशेब मी मराठीत करायची आणि हे कन्नडमध्ये, मग दोघांचं उत्तर जुळलं की आम्ही हसायचो. मी आधी एका शाळेत गणित शिकवलं, आणि पुढे ती शाळा चालवणाऱ्या संस्थेने मला पुस्तकं निवडायच्या कामावर घेतलं. संस्थेच्या शहरात चार ठिकाणी शाळा आहेत. मुलांना कुठलं गणिताचं पुस्तक लावायचं, सरावाला कुठलं द्यायचं, शिक्षकांच्या हातात कुठलं गाईड ठेवायचं, हे मी ठरवायची. दर उन्हाळ्यात प्रकाशकांची माणसं गुळगुळीत पुस्तकं घेऊन यायची, प्रत्येक जण पहिलं पान उघडून दाखवायचा, आणि मी ते त्याच्या हातातून घेऊन मधलंच एक पान उघडायची. ते तुमच्याकडून आलेलं.

तुम्हाला आठवत असेल का, ठाऊक नाही. मी नववीत आहे. शाळेच्या वाचनालयासाठी गणिताची पुस्तकं घ्यायची आहेत आणि तुम्ही मला एसटीने कोल्हापूरला घेऊन निघाला आहात. ज्यांनी वाचायची त्यांच्यातलं कोणीतरी बरोबर हवं, असं तुम्ही मुख्याध्यापकांना सांगितलं आहे. दुकानात तुम्ही स्टुलावर बसता, पर्समधून पेन्सिल काढता आणि चक्क उदाहरणं सोडवायला लागता. दुकानदार दोनदा बघून जातो, शेवटी चहा मागवतो. मी मात्र एक जाडजूड गाईड शोधून आणते आणि म्हणते, बाई, हे घेऊया, यात सगळं आहे. तुम्ही विचारता, सगळं म्हणजे काय? मी म्हणते, बघा ना किती जाड आहे. तेव्हा तुम्ही मला दुकानदारासमोर जे बोललात ते मला लागलं होतं. तुम्ही म्हणालात, “जाडी दुकानदाराला सांग. मला तुला काय कळलं ते सांग.”

माझा चेहरा पडलेला बघून तुम्ही आवाज खाली आणलात. जवळ बसवून घेतलंत. म्हणालात, “पहिलं पान बघायचं नाही, ते सगळ्यांचंच चांगलं असतं. जिथे शिकवणं अवघड जातं ते पान उघड आणि लिहिणारा तिथे घाबरलाय का बघ.” मी विचारलं, ते कसं कळणार? “घाबरलेला माणूस नियम सांगतो आणि पुढे पळतो.” मग अपूर्णांकांच्या भागाकाराचं पान माझ्यासमोर धरलंत. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा, एवढं एका चौकटीत लिहिलं होतं, खाली लगेच वीस उदाहरणं. निघताना ते गाईड तुम्ही घेतलंत, वाचनालयासाठी नव्हे, माझ्यासाठी. घाबरलेली पानं शोधून पेन्सिलने खूण कर, म्हणालात. कोणी मला दिलेलं ते पहिलं पुस्तक.

परत आलो तेव्हा तुम्ही मला आधी तुमच्याच घरी जेवायला नेलंत. स्वयंपाकघर एवढंसं, खिडकीत कोथिंबिरीचा डबा. तुम्ही पातेल्यात पाऊण लिटर दूध घेतलंत आणि माझ्या हातात पाव लिटरचं माप दिलंत. किती वेळा भरतंय बघ. तीन वेळा भरलं. म्हणजे पाऊण भागिले पाव, तीन. भागून उत्तर वाढलं कसं, हे मला इतके दिवस कळत नव्हतं, ते त्या ओट्यापाशी कळलं. भागाकार म्हणजे नुसती वाटणी नव्हे, एक दुसऱ्यात किती वेळा मावतं तेही असतं. मग तुम्ही अर्ध्या लिटरचं माप दिलंत. एकदा भरलं आणि पातेल्यात पाव लिटर उरलं. मी म्हटलं, एक आणि पाव, सव्वा. तुम्ही भाकरी थापत राहिलात. मी उरलेलं दूध पुन्हा त्या मापात ओतलं, ते निम्म्यावर आलं, आणि मग माझ्या तोंडून दीड निघालं. उरलं पाव लिटर, पण मापाचं ते अर्धं. तुम्ही तव्यावरून मान न वळवता ‘हं’ म्हणालात.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर संस्थेकडे एक वेगळाच प्रस्ताव आला. मुलांची पुस्तकं, सरावाच्या वह्या, चाचण्या, फळ्यावर दाखवायचे व्हिडिओ, आणि शिक्षकांनी वर्गात म्हणायची वाक्यं ओळीने छापलेलं गाईड, सगळं एकाच कंपनीचं, एकत्र. बैठकीत सेक्रेटरींनी मला मत विचारलं. मी ते अपूर्णांकांचं पान उघडलं. तीच चौकट होती, फक्त आता रंगीत. मी म्हटलं, मुलांचं पुस्तक घाबरट आहे आणि शिक्षकांचं गाईड त्याहून वाईट, छापील वाक्यं वाचून कोणी शिकवू नये. इथल्या शिवाजीनगरच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका मागच्या रांगेतून उठली आणि इंग्रजीत म्हणाली, मॅडम, मला ते गाईड हवं आहे. बाकीचे शिक्षक खाली बघत होते. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या बैठकीत ठरवू.

जिन्यात ती माझ्यासाठी थांबली होती. आणि मराठीत बोलायला लागली. बैठकीआधी ती माझ्या बाजूने जाताना मी पुस्तक वाचत तोंडातल्या तोंडात ‘पाऊण’ म्हटलेलं तिने ऐकलं होतं. अथणीकडची, वडील तिकडे साखर कारखान्यात, ही इथे कोरमंगलात पीजीमध्ये राहायची आणि दोन बस बदलून शाळेत यायची. म्हणाली, “अक्का, तुमचं बरोबर असंल. पण तुम्हाला कोणीतरी शिकवलंय, ते दिसतंय की. आमच्या शाळेत सातवीला वर्षभर गणिताला कोणी नव्हतंच. मी डिग्री केली, बी.एड. केलं, पण अपूर्णांक मला कोणी शिकवलेच नाहीत. गाईड पाठ करून वर्गात जाते मी. ते काढून घेतलंत तर फळ्यासमोर उभं राहून काय बोलू?”

बाई, इतकी वर्षं मी पुस्तकं निवडली ती तुमच्यासारखं कोणीतरी वर्गात उभं आहे असं धरून. नसलं तर काय, हा विचार मी केलाच नव्हता. मी तिला म्हटलं, शनिवारी अर्धी शाळा सुटली की घरी ये.

ती आली, आणि मग दर शनिवारी येत राहिली. कचेरीतून शिक्षकांची जेवढी गाईडं मिळाली तेवढी मी घरी आणली होती. जेवण झालं की आम्ही जमिनीवर पसरून बसायचो. पहिल्या दिवशी मी तिला ओट्यापाशी नेलं, दूध आणि मापं दिली. पाव लिटरचं तिला लगेच जमलं. अर्ध्या लिटरला तीही सव्वा म्हणाली. मला सांगून टाकावंसं फार वाटत होतं, पण मी पोळ्या लाटत राहिले. बऱ्याच वेळाने दूध ओतल्याचा आवाज आला आणि ती हसायला लागली, मोठमोठ्याने. मग म्हणाली, आमच्या वर्गातली पोरं घरी कन्नडमध्ये ‘मुक्कालु’ म्हणतात की, म्हणजे पाऊणच. पुस्तकातलं ‘थ्री बाय फोर’ आणि घरातलं मुक्कालु एकच, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. सोमवारी तिने तेवढंच सांगितलं आणि वर्ग कसा उठून बसला, ते मला फोन करून कळवलं. कितीतरी वर्षांनी माझ्या घरात कोणी मराठीत अपूर्णांक बोलत होतं. शनिवारसाठी मी शुक्रवारपासूनच भाजी ठरवायला लागले.

गाईडांमध्ये शेवटी एक बारीकसं सापडलं. कुठल्याशा लहान प्रकाशकाचं, कागद साधा, चित्रं नाहीत. अपूर्णांकांच्या पानावर लिहिलं होतं: इथे एखादं मूल विचारेल, उरलं पाव, मग उत्तर सव्वा का नाही? त्याला थांबवू नका, त्याचं म्हणणं आधी वर्गाला ऐकू द्या. तिने ते वाचलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. हा माणूस वर्गात उभा राहिलाय, म्हणाली. आम्ही ते सबंध वाचून काढलं. प्रत्येक अवघड जागी तो माणूस थांबला होता. म्हणायची वाक्यं त्यातही होती, पण ती मुलांनी काय विचारलं त्यावरून निघालेली होती.

दुसऱ्या बैठकीत आम्ही दोघी बोललो. मी आधी कबूल केलं की शिक्षकांना गाईड नको हे माझं म्हणणं चूक होतं. मग ती बोलली, आणि या वेळी कन्नडमध्ये बोलली. आपल्याला काय येत नव्हतं ते तिने सगळ्यांसमोर सांगितलं. ती बसल्यावर दोन वयस्क शिक्षिका म्हणाल्या, आम्हालाही ते बारीक पुस्तक हवं. सेक्रेटरी भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, मुलांसाठीचा निर्णय वर झालेला आहे, तो बदलणार नाही, पण शिक्षकांना हे पुस्तक जरूर देऊ. आणि दिलं. सगळ्या शाळांत दिलं. मग मला खोलीत बोलावून त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की आता मुलांचं सगळं एकाच कंपनीकडून येणार, तेव्हा निवडायचं असं काही उरत नाही. मला निरोप म्हणून शाल दिली, छान बोलले. मी सरी म्हटलं आणि टेबलाचा खण रिकामा करून घरी आले.

ती अजून काही शनिवार आली. मग एकदा खव्याचा कुंदा घेऊन आली, गावाहून मागवलेला. कोरमंगलात मुलांना ऑनलाइन गणित शिकवणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. मुलांशी काय बोलायचं ती वाक्यं लिहायचं काम. पीजीपासून चालत जाता येईल, म्हणाली. मी म्हटलं, जा, आणि लिहिताना घाबरू नकोस. ती पाया पडली. सुरुवातीला फोन यायचे, एखादा अवघड भाग आला की विचारायची. हल्ली येत नाहीत. म्हणजे तिला जमतंय, असं मी धरते. माझ्याकडून तुम्हालाही शेवटची पत्रं किती किती महिन्यांनी गेली होती ते आठवतं, त्यामुळे तिच्यावर रागावता येत नाही.

घरी दूध आता थोडंच लागतं. शनिवारी जेवण उरतं, म्हणून मी कमी करायला लागले आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे लिहायला बसतानाच माहीत होतं. निपाणीच्या त्या घरात आता दुसरे लोक राहतात. पण आणखी एक सांगायचं आहे, त्याशिवाय उठवणार नाही.

गेल्या आठवड्यात मी इथल्या पुस्तकांच्या दुकानात गेले. काम काहीच नव्हतं. गणिताच्या कपाटापाशी उभी राहून एकेक पुस्तक उघडून बघत होते, बराच वेळ. दुकानातल्या पोरसवदा मालकाने स्टूल आणून दिलं आणि विचारलं, “यारिगे, अम्मा?” कोणासाठी बघताय? माझ्या तोंडून निघून गेलं, मोम्मगळिगे. नातीसाठी. कितवीत आहे विचारलं तर सातवीत म्हटलं. गणित आवडतं का विचारलं तर म्हटलं, आवडतं, पण भागाकाराला अडते. मग त्याने आणखी पुस्तकं काढून दिली आणि त्यातलं एक मी खरोखर नीट निवडलं, विकत घेतलं. नाव लिहायला त्याने चिकटवायची लेबलं दिली, तीही पिशवीत टाकली. मला नात नाही, बाई. मूलच झालं नाही, हेही तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. पण त्याच्याशी ते बोलताना बरं वाटत होतं, म्हणून घरी पोचेपर्यंत मी नातीला भागाकार कसा समजावून सांगायचा त्याचाच विचार करत चालले.