हिरव्या बासनातलं पुस्तक

कळंब, ४ फेब्रुवारी १९५८
चाचा सुनेला घेऊन कायमचे हैदराबादला चालले, मुलाकडं. निजामीत शाळेत सगळं सायन्स मी त्यांच्याकडंच शिकलो, उर्दूतून. बातमी कळली आणि आधी आठवलं ते त्यांचं पुस्तक. झाडांच्या पानांवरचं. पान उजेड खाऊन जगतं, हे त्यात पहिल्यांदा वाचलं आणि बाहेर येऊन पळसाखाली नुसता उभा राहिलो होतो. प्रत्येक प्रकरण शास्त्रानं सुरू होतं आणि बनवणाऱ्यापुढं हात जोडून संपतं. आता मी मराठीतून शिकवतो. असलं पुस्तक मराठीत मला सापडलेलं नाही. पण मागायचं कसं?

७ फेब्रु.
मागावं लागलंच नाही. चाचा म्हणाले, "पानांची किताब तू घेऊन जा. मला आता हुरूफ, अक्षरं दिसत न्हाईत." सुनेला हाक मारली. भाभी पडद्याआडून म्हणाल्या, असली किताब घरात नाहीच. फळीवर हिरव्या कापडाची दोन बासनं, दोन्हींत कुराण.

चाचा हसत सुटले. पुस्तकात कुराणातल्या आयती आहेत म्हणून त्यांनीच ते कुराणाशेजारी तसंच बासनात बांधून ठेवलेलं. भाभींना वाचता येत नाही. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी दोन्ही बासनं डोळ्यांना लावतात!

"गुनाह झाला का, अब्बा?"

"ज्यानं पान बनवलं त्याचीच तारीफ हाय त्यात. गुनाह कसला?"

परवा येऊन पुस्तक नेतो म्हणालो आणि निघालो.

८ फेब्रु.
सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बसलो. नजर ठरेना. सारख्या पानाच्या शिरा दिसत होत्या. आणि ते चुकीचंही वाटेना…

९ फेब्रु.
पुस्तक आणायला गेलो. भाभी देईनात.

"इतकी वर्सं डोळ्याला लावलं. आत काय हाय त्ये तरी ऐकू द्या, मास्तर. मग बघू."

पडद्याच्या अलीकडं बसून वाचलं, अडेल तिथं त्यांच्या घरच्या दखनी बोलीत सांगितलं. पडद्याखालून हात आला, उंबऱ्यावरचं कडुलिंबाचं पान उचललं.

"ह्ये पण उजेड खातंय?"

"व्हय."

पान पडद्याआड गेलं. मग हळूच, "मंग चुलीत लाकूड जळतंय, तवा त्योच उजेड भाईर पडतो का?"

मी पुढची पानं चाळली. म्हटलं, "त्ये पुढच्या प्रकरणात हाय."

"मंग वाचा की पुढं."

चाचा डोळे मिटून ऐकत होते. दिवेलागणीपर्यंत वाचलं, उद्याही बोलावलंय. त्यांची हैदराबादची मोटार परवा सकाळची, पुस्तक अजून निम्मं राहिलंय. ते माझ्याकडंच राहावं, असं आज दुपारपर्यंत फार वाटत होतं.