हिरव्या दोऱ्याचा चष्मा

शनिवार, क्लबच्या मीटिंगहून आल्यावर

आज सुनंदानं केनियातल्या चष्मेवाटप शिबिराचे फोटो दाखवले. जुने चष्मे घरोघरी फिरून गोळा केले मी, धुतले-पुसले मी, आणि विमानात बसली ती! मले काय, तर इथलं जवळच्या कुही गावचं शिबिर.

एका फोटोत तिथली म्हातारी हसून राहिली होती. डोळ्यांवर माझ्या सासूबाईंचा चष्मा. त्या गेल्यावर मीच दिलेला. तुटक्या दांडीवर मी गुंडाळलेला हिरवा दोरासुद्धा दिसला. खांद्यावर हात मात्र सुनंदाचा.

"चष्मा लावल्यावर ती काय म्हणाली वं?" मी विचारलं.

"आता कुठं आठवते! फोटोची घाई होती."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. हिरवा दोरा कुणालेच दिसला नाही.

चष्मा लावला की सासूबाई आधी माझ्याकडे पाहायच्या. फोटोतल्या म्हातारीनं सुनंदाकडेच पाहिलं असेल.