छप्पर मागितलं, मुली आल्या

फ्रीगंज, उज्जैन
ता. २३ जानेवारी १९५७

इकडच्या स्वारीस,
जयूचा सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. भोपाळला क्वार्टर मिळालं, नळ घरातच आहे, वाचून बरं वाटलं. थंडी फार आहे म्हणता, तर स्वेटर अंगावेगळा करू नका. इकडे सगळं ठीक. सामान बांधायला काढलं आहे. म्हणजे ट्रंक माळ्यावरून खाली घेतली आहे.

शाळेच्या मदतीच्या नाटकाचं विचारलंत. शनिवारी झालं. फसलं. नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून कचेरीतली मराठी कुटुंबं तुमच्यासारखीच भोपाळला गेलेली, तिकिटं घेणार कोण? वर्गावर नवं छप्पर घालणं राहू द्या, हॉलचं भाडं जेमतेम निघालं.

आमच्या हेडबाई, अहल्याताई, त्यांना रिकाम्या खुर्च्या बघवेनात. त्यांनी दारं उघडून बाहेरच्यांना फुकट आत बोलावलं. तांगेवाल्यांच्या घरची माणसं आली, भैरवगढच्या कापडावर छपाई करणाऱ्या बायका मुलींना घेऊन आल्या. नाटक त्या बहिरेपणाचं सोंग घेणाऱ्या सासूचं. सुधाकरराव सासू छान करतात, पण मराठी कुणाला कळेना. दुसऱ्या अंकात लोक उठायला लागले.

मी पडद्याआड प्रॉम्प्टिंगला होते, तुम्हाला सांगितलं होतं तसंच. अहल्याताई आत येऊन म्हणाल्या, "जयू, यांना काय चाललंय ते सांग ग. नाहीतर उरलेलेही जातील."

मी बाहेर आले आणि मालवीत सांगायला लागले. लग्नाआधी मोहल्ल्यात बोलायची तशी. तुम्हाला ती बोली घरात खपत नाही, म्हणून इतकी वर्षं मी तोंडात आणली नव्हती. वाटलं होतं विसरले असेन. पण सासू काय ऐकते आणि काय न ऐकल्यासारखं करते, ते सांगताना माझाच आवाज मला ओळखू येईना. लोक परत बसले. मी मध्येच थांबले की बायका पुढचं ऐकायला उतावीळ होऊन विचारायच्या, "पछे कंई हुयो?" शेवटी सुधाकरराव नुसते हावभाव करत होते आणि बोलत मी होते. लोक पोट धरून हसले. पैसा मात्र आला नाही, कारण ते सगळे फुकटातले.

घरी येऊन मला रडू आलं. का ते सांगता येत नाही.

सोमवारी नाटकाची वही परत द्यायला शाळेत गेले तर फाटकाशी गर्दी. छपाईवाली गेंदाबाई मुलीचा हात धरून पुढे आली. "म्हारी छोरी के बी भणई दो, बई. पण थारे जैसी बोलणेवाली होनी चाहिए." म्हणजे तिलाही शिकवा, पण शिकवणारी माझ्यासारखी बोलणारी हवी. मागे आणखी कितीतरी बायका, तशाच मुली घेऊन. अहल्याताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे काय झालं ग? छप्पर मागायला गेलो आणि मुली आल्या."

आपल्या मराठी घरांतल्या मुली उरल्या नाहीत म्हणून मार्चनंतर शाळा बंद व्हायची होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता वर्गात जागा नाही, पडवीत बसवतो. पण कमिटीचे विनायकराव संतापले आहेत. म्हणतात, "मराठी शाळा वाचवायला निघालात की बुडवायला?" त्यांचंही खोटं नाही. अहल्याताईंची हिंदी पुस्तकातली, मुली त्यांच्याकडे नुसत्या बघत राहतात. मी म्हटलं, दोन दिवस मी बसते मुलींपाशी.

दोन दिवस झाले नाहीत अजून. पण काल अहल्याताईंनी विचारलं, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत राहशील का, आणि मी हो म्हटलं. तुम्हाला न विचारता. हे पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं.

तुम्ही एकटे आहात, हातानं करून खाता, आणि मी इथे लोकांच्या मुलींना अक्षरं गिरवायला लावते आहे. हे बरोबर की चूक, मला खरंच कळत नाही. तुमच्यापासून दूर राहावंसं वाटतं असं मुळीच नाही. पण सकाळी त्या मुली "बई" म्हणून हाक मारतात तेव्हा माझा पाय निघत नाही. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

होळीला रजा मिळाली तर या. आधी एकदा वर्गात येऊन बसा, मग काय बोलायचं ते बोला. मी ऐकेन, पण मीही बोलेन.

उत्तर लिहा, रागाचं असलं तरी चालेल.

तुमचीच,
जयू