ड्रायव्हर उतरला का?

बाबूजी,

तुमच्या ट्रक तोलायच्या काट्यासाठी मी हातानं केलेल्या वस्तू अशा: कोंडा आत जाऊ नये म्हणून कॉम्प्युटरला पत्र्याची पेटी, काट्यापासून टेबलापर्यंतची नऊ तारांची केबल, स्वतः गुंडाळलेला स्टॅबिलायझर, आणि कर्नल. कर्नल म्हणजे यंत्र आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्यामधला गाभा. लिहिला दुसऱ्यांनी, पण काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवून बांधला मी. क्लासात गेलो नाही. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून शिकलो.

नव्व्याण्णवच्या हंगामात कर्नल हलका करायला घेतला. मेमरी आठ एमबी, एकेक किलोबाइट खरवडून काढत होतो. दशांशाचं गणित करणारा एक तुकडा फालतू वाटला, कारण नव्या प्रोसेसरात ती सोय आतच असते. राइस मिलच्या काट्यावरच्या तुमच्या जुन्या प्रोसेसरात ती नव्हती. स्क्रीनवर दोन ओळी आल्या आणि सगळं थांबलं. बाहेर धानाचे ट्रक उभे, तुम्ही हातानं पावत्या लिहिताय. मान वर न करता विचारता, "तुनं काढलं कायले?"

"फास्ट करून राहिलो होतो."

"कोणासाठी ठेवलं होतं, ते विचारलं का?" आणि लगेच खिडकीतून, "ओ उस्ताद, पहले नीचे उतरो." भरल्या गाडीत ड्रायव्हर बसून राहिला की माल जड भरतो, रिकाम्या गाडीत बसला की हलका. तुमचा कोणावरच भरवसा नव्हता.

तुम्ही गेल्यावर माझाही राहिला नाही. आता त्याच कर्नलवर सात मिलचे काटे चालतात, त्यातले चार जुन्या प्रोसेसरवर. परवा माझ्या फुलचूरच्या घरी नागपूरचा एक कॉम्प्युटर डीलर आला. म्हणाला, "भाऊ, जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाका ना. स्पीड वाढेल तुमचा." माझ्या स्पीडची काळजी याला काऊन? चहा संपेपर्यंत काढून घेतलं: माझ्या अपडेटनं चार काटे बंद पडले, की नवे कॉम्प्युटर विकणारा हाच. नाही म्हटलं.

तो गेल्यावर मात्र मी तो सपोर्ट काढून एकदा चालवून पाहिला. कर्नल जरा लवकर उठला, खोटं कायले बोलू. मग परत टाकला.

हे पत्र पत्र्याच्या पेटीत ठेवतो, ती अजून माझ्याकडेच आहे. नकार मिलवाल्यांसाठी दिला, की सातही काट्यांना मीच लागावा म्हणून, ते सांगता येत नाही. या नकाराचं वजन करताना मी स्वतःच गाडीत बसलो होतो. सपोर्ट काढायचे तो डीलर दीड लाख देत होता.