अडीच सीसीचं इंजिन

राजापेठ, अमरावती
५ नोव्हेंबर २०२५

चि. गीतांजलीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहे, तिकडची खुशाली कळव, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. जवाईबापूले नमस्कार.

पत्र पाहून हसली असशील. खिशात फोन असलेला माणूस पोस्टाचं तिकीट चाटून राहिला म्हणून. पण फोनवर तू मले बोलू देत नाहीस, अन् माझं काम जरा किचकट आहे.

मी विमान बांधलं. आपलं तेच, तारेवरचं. तुझी वहिनी शेजारणीले सांगते, "आमच्या घरचे या वयात पतंग उडवतात." तिले किती वेळा समजावलं, बाई, पतंगाले इंजिन नसते. हातात हँडल, हँडलले दोन पोलादी तारा, तारांच्या टोकाले विमान, अन् मधात उभं राहून आपण त्याच्यासंगं फिरायचं. ती म्हणते, "म्हणजे घाण्याचा बैल."

तर सवाल इंजिनाचा आहे. पंख साडेतीन फुटांचा, वजन किलोभर. आपल्या कॉलेजच्या वेळची तीन इंजिनं निघाली, अडीच सीसी, चार सीसी अन् ते दांडगं सहा सीसीचं. मी अडीचचं लावायचं म्हणतो. तू म्हणशील, कमी पडते. पडू दे ना! हळू उडंल. मले कोणती स्पर्धा जिंकायची आहे आता?

तिन्ही मागच्या गल्लीत चालवून पाहिली. आवाज मनासारखा नाही. तोंडावर गोधडी घेऊन बोलावं तसा, तिन्हींचा. तेल कमीजास्त करायची सुई फिरवून फिरवून बोटं दुखली. तेलातलं मिथेनॉल जुनं झालं असंल, नाही तर एरंडेलात भेसळ असंल.

हे पत्र लिहिता लिहिता दोनदा उठून गल्लीत गेलो अन् परत आलो. दुकान आज उघडलंच नाही. दोन मिक्सर अन् एक कूलरची मोटार पडून आहे, गिऱ्हाइकं बोंबलून राहिली. मन लागत नाही. उभं असलं तर बसावं वाटते, बसलं की उठावं वाटते.

वीस तारखेच्या आसपास उडवायचं आहे. आपल्या नांदगावच्या वावरात दिवाळीचा झेंडू उपटून झाला, वावर मोकळं आहे, वरून विजेच्या तारा नाहीत. वावर वाहणारा चंद्रभान तिथं हरभरा पेरायची घाई करून राहिला, त्याले कसंबसं थांबवलं. तू फक्त एवढं लिही की अडीच सीसी चालते. म्हणजे मी बसवून टाकतो.

तुझा,
कुंदनदादा


अकोला
९ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार. अजून पुढं चार चांगल्या ओळी लिहायच्या होत्या, पण राग आला.

अडीच सीसी? किलोच्या विमानाले? अरे बाप्पा, तू शुद्धीवर आहेस ना? त्या इंजिनानं विमान उडंल, पण ओढ धरणार नाही. ओढ नाही म्हणजे तारा ढिल्या. तारा ढिल्या म्हणजे तू इकडं हँडल कितीही हलव, तिकडं विमानाले काही पत्ता नाही. मग तारा ताणायले तू मागं मागं पळशील, अन् विमान येऊन आपटंल. हे मले कोणी शिकवलं? तूच. सबंध एनसीसीच्या पोरांसमोर माझ्यावर ओरडून शिकवलं.

अन् तीन इंजिनं एकाच दिवशी घोगरी होत नसतात. कूलरच्या मोटारीले कान लावून "बेअरिंग गेलं" सांगणारा माणूस तू. तुले मिथेनॉलचा संशय येते, दुसऱ्या कशाचा येत नाही?

मागच्या रविवारी फोन केला. मी म्हटलं, "दादा, जेवला का?" तू म्हणाला, "नाही, पाऊस नाही इकडं." मी तुझ्या जवाईबापूले सांगितलं, दादा मस्करी करून राहिला. त्याच्यानंतर तू फोनच उचलत नाहीस. वहिनीले विचारलं तर म्हणे, "तुमच्या भावालेच विचारा बाई," अन् आवाज असा झाला की मी पुढं विचारलंच नाही.

ताकाले जायचं अन् गाडगं लपवायचं, हे आपल्या घरचं नाही. काय झालं ते साफ लिही. तोवर इंजिनाचं एक अक्षर मिळणार नाही.

गीता


राजापेठ, अमरावती
१३ नोव्हेंबर २०२५

चि. गीताबाई,

आशीर्वाद. थंडी पडू लागली. बाजारात हिरवे हरभरे अजून यायचे आहेत. परतवाड्याहून संत्री आली, आंबट आहेत.

बरं, लिहितो.

डाव्या कानाचं ऐकणं उन्हाळ्यापासून कमी झालं. मले वाटलं मळ असंल. तेल टाकलं, फुंकून घेतलं, एका वैदूचं ऐकून लसणाची पाकळीही घातली. तुझी वहिनी म्हणे, आता मोहरी घाला, फोडणी पुरी होऊ द्या. मग चालताना भिंती अंगावर येऊ लागल्या. राजापेठच्या चौकात एका स्कूटीवालीले धडकलो तर ती म्हणते, "काका, सकाळी सकाळीच घेतली का?" जन्मात थेंब घेतला नाही अन् हे ऐकलं.

नागपूरच्या डॉक्टरनं फोटो काढला. कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, तिच्यावर गाठ आहे. कॅन्सरची नाही. हे आधी वाच अन् मग रड. काढावी लागते. चोवीस तारखेले भरती व्हायचं. त्या कानाचं ऐकणं जाईल, अन् त्या बाजूचा तोलही. चालणं पुन्हा शिकता येते म्हणतात, काठी घेऊन, मग बिनकाठीचं. मी विचारलं, "डॉक्टर, गोल फिरता येईल का?" तो म्हणे, "तुम्हाला कशाला गोल फिरायचंय?"

मले भीती वाटते, गीता. मरायची नाही, तेवढं काही होत नाही म्हणतात. पण आजवर मी मधात उभा राहिलो अन् बाकी सगळं माझ्याभोवती फिरलं. आता मी स्वयंपाकघरातून बाहेर येतो तर दाराले धरतो. तुझी वहिनी पाहते अन् न पाहिल्यासारखं करते, त्याचा जास्त त्रास होते. चिडतो मग तिच्यावर. काल भाजीत मीठ कमी म्हणून ओरडलो. मीठ बरोबर होतं.

म्हणून एकदा उडवायचं आहे, नागपूरले जायच्या आधी, आपल्या पायांवर उभं राहून. अन् म्हणून अडीच सीसी. हळू विमान, हळू फिरणं. गणित चूक आहे हे मलेही माहीत आहे. दुसरं जमून नाही राहिलं.

परवा वावरात रिकामं हँडल धरून फिरून पाहिलं. तीन-चार फेऱ्यांत वावर उभं झालं अन् मी आडवा. चंद्रभान पळत आला. "भाऊ, कायले हा उपद्व्याप?" म्हणे. त्याले काय समजावू? विमान एकदा सुटलं की टाकीतलं तेल संपेपर्यंत थांबता येत नाही. मी मधातच पडलो अन् तो असाच पळत आला, तर ते त्याच्या डोक्यात बसंल. मग माझं ऑपरेशन झालं काय अन् न झालं काय.

शिकाऊ पोराच्या मागं मास्तर उभा राहते अन् त्याच्या हातावर हात ठेवून हँडल धरते, तसं कोणी असतं तर गोष्ट वेगळी. इथं कोणाले येते ते?

तू ये असं मी म्हणून नाही राहिलो. तुझी शाळा आहे, सासूबाईंचं पथ्यपाणी आहे, अन् तुलेही हँडल धरून जमाना झाला. उडवू नको म्हणशील तर नाही उडवत. विमान उचलून माळ्यावर ठेवतो. तसं साफ लिही.

तुझा भाऊ,
कुंदन


अकोला
१६ नोव्हेंबर २०२५

दादा,

रडून झालं. तुझ्या जवाईबापूनं चहा केला, तोही प्यायली. आता इंजिन.

चार सीसीचं लाव. सहाचं जड आहे, नाक खाली घालंल अन् वेगानं तुले गरगरवंल. अडीचचं तुले मागं पळवंल, अन् मागं पळणं तुले आता जमणार नाही. तू हळूपणा पाहिला, ओढ पाहिली नाही, हीच तुझी चूक. चारचं ओढून धरते. तारा ताठ राहतात, अन् ताठ तारेवर माणसाले जरा रेलताही येते. तारा नेहमीच्या बावन्न फुटांच्या नको, साठ फुटांच्या कर. फेरा मोठा, म्हणजे तुझं फिरणं सावकाश. टाकी पूर्ण भरायची नाही. थोड्या फेऱ्यांपुरतंच तेल.

सुईले हात लावू नको. ती मी लावीन. तुले ऐकू येत नाही, मले येते.

शाळेत रजा टाकली. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जा, पण विमानाच्या खाली डोकं घालू नको." गुरुवारी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याले उतरते. वहिनीलेही वावरात घेऊन चल, घरी ठेवू नको. तिनं पाहिलं पाहिजे. चंद्रभानले विमान सोडायचं काम दे अन् सांग, सोडलं की बांधावर जाऊन बसायचं, काहीही झालं तरी आत यायचं नाही.

आत आपण दोघंच. तुझ्या हातावर माझा हात राहील. नजर विमानावर ठेव, जमिनीकडं पाहू नको. मी "सोड" म्हटलं की सोडायचं, हट्ट करायचा नाही, अन् सरळ खाली बसायचं. मग तेल संपेपर्यंत मी उडवीन, तू माझ्या पायाशी बसून पाहा. तेही उडवणंच आहे.

मलेही सराव राहिला नाही, लपवत नाही. कालपासून दारातल्या दारात रिकाम्या हातानं फिरून राहिली, शेजारच्या जाईबाई पाहून गेल्या.

अन् उभ्या उभ्या अचानक तोल गेला तर पुढं वाकायचं नाही, हँडल खाली जाते अन् संगं विमानही. खुशाल मागं पड.

मागं उभी,
गीता