आप्पांचं नाव पुकारतील का

११ जाने., रविवार
बाप्तिस्म्याचा वर्ग, तिसरा रविवार. तेलुगू मंडळी उठून गेली की चर्चच्या त्याच हॉलात आम्ही मराठीवाले दहा-बारा जण. पाळकसाहेब (यापुढे पा., लिहून हात दुखतो) म्हणाले, जग व्हायच्या आधीच देवानं आपली माणसं ठरवून ठेवली. आपण त्याला निवडत नाही, तो आपल्याला निवडतो. ऐकताना अंग हलकं झालं. इतक्या आधीपासून कुणाच्या तरी मनात आपण...
मग एकदम आठवलं. आणि आप्पा? सकाळी आंघोळ करून बुद्धवंदना म्हणणारे माझे आप्पा?

१२ जाने.
ऑफिसात दिवसभर तंद्री. एक बिल दोनदा पुढं पाठवलं. साहेब म्हणाले, "मॅडम, किधर हैं आप?" काय सांगू, जग व्हायच्या आधी आहे म्हणून?

१४ जाने., संक्रांत
आप्पांना सांगून टाकलं. ते खिडकीत बसून पतंग बघत होते. आमच्या तारनाक्याचं आभाळ आज नुसतं फडफडत होतं.
"म्हणजे जन्माच्या आधीच ठरलेलं?"
"हो."
"माणसानं काय केलं, काय न्हाई, ते न बघता?"
"हो, आप्पा."
खिडकीतून वळले. मग म्हणाले, "बाई, जन्माआधी ठरलेलं आपल्या घराण्यानं लई भोगलं. ते फेकून द्यायला तुझा आजा तालुक्याला पायी गेला, दीक्षा घेतली. आपल्याला कुणी निवडलं न्हाई. आपण निवडलं. अन् तू परत तिकडंच निघालीस?"
रागानं नाही बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तिळाची वडी हातातच राहिली.

१७ जाने.
पहाटे स्वप्न. नामपल्लीचं दरवर्षीचं प्रदर्शन, तुडुंब गर्दी. लाऊडस्पीकरवर हरवलेल्यांची नावं पुकारत होते. माझं नाव आलं. गर्दी आपोआप बाजूला झाली, सगळीकडे दुधासारखा उजेड, पाय जमिनीला लागत नव्हते. वळून बघते तर आप्पा, मान वर करून ऐकत उभे. त्यांचं नाव काही येईना. म्हटलं, चला ना. तर म्हणाले, तू हो पुढं, मी ऐकतो अजून.
रडतच उठले. आप्पा चहा करत होते. डॉक्टरांनी नको म्हटलंय तरी साखर मुठीनं.
"रडायलीस का गं?"
"सर्दी झालीय."
"हौ, हौ. सर्दी."

२२ जाने.
हे सगळं सुरू कसं झालं, आठवत बसले. आई गेली तो उन्हाळा. मी देव शोधत नव्हते, खरंच नव्हते. दुपारची पडले होते, कूलरचा आवाज, शेजारी कुणी तेलुगूत प्रार्थना करत होतं, अर्धी कळत होती. आणि खोलीत कुणीतरी आलं. दार तर बंद. बस, एवढंच. त्यात माझं काही नव्हतं. म्हणून पा. सांगतात ते मला खोटं म्हणता येत नाही.
पण आप्पा म्हणतात तेही खोटं नाही. आजा पायी गेला, त्याला कुणी उचलून नेलं नव्हतं.
डोकं भणभणलं. उगाच बेगम बाजारला जाऊन किलोभर मिरच्या घेऊन आले.

२५ जाने., रविवार
पा.नी सराव घेतला. बाप्तिस्म्याच्या हौदात उभं केल्यावर ते विचारणार, "स्वखुशीनं आलीस ना?" आपण म्हणायचं, "स्वखुशीनं." घरी आप्पांना सांगितलं तर हसून हसून ठसका लागला. "इतके दिस शिकवलं, तुझ्या खुशीनं काही होत न्हाई. अन् आता पाण्यात उभं करून खुशी विचारायलेत!"
मलाही हसू फुटलं. लबाड म्हातारा.

३० जाने.
ऑफिसातून परस्पर पा.कडे. सरळ विचारलं, "माझे वडील निवडलेले आहेत का? नसतील तर मला हौदात उतरायचं नाही."
वाटलं, समजूत काढतील. ते चष्मा पुसत राहिले. "ठाऊक नाही," म्हणाले. "माझा मुलगा बंगळुरात असतो. चर्चचं नाव काढलं की फोन ठेवतो. त्याचंही ठाऊक नाही. मी रोज देवाला विचारतो."
"मग?"
"काही नाही. पण विचारावंसं वाटणं रोज कुठून येतं, तेवढं बघतो."
पाळकीणबाईंनी चहा-बिस्किटं आणली. बिस्किटांना कुणी हात लावला नाही.

७ फेब्रु., शनिवार
संध्याकाळी गच्चीवर. आभाळ जांभळं, विद्यापीठाकडची झाडं हळूहळू विरघळली. देवाला म्हटलं, तू मला जगाच्या आधीपासून ओळखत होतास ना? मग कुठल्याही पाळकाच्या घरी जन्माला घालायचंस. आप्पांच्याच मांडीवर का दिलंस? सगळं तूच ठरवतोस तर हेही तूच ठरवलंस. आता अंग काढून घेऊ नकोस. देवाशी असं भांडावं का, माहीत नाही. भांडले, आणि भांडता भांडताच ठरलं, उद्या हौदात उतरायचं.
खाली येऊन आप्पांना म्हटलं, उद्या येऊ नका, तुम्हाला जड जाईल.
"वा! पोरगी पाण्यात उतरणार अन् बाप घरात बसून राहणार?"

८ फेब्रु., रविवार
झाला बाप्तिस्मा. पाणी गारढोण. खाली गेले तर किती शांत, कान बंद, सगळं हिरवट. तिथंच राहावंसं वाटलं.
वर आले. आप्पा पहिल्या रांगेतून उठले, एका बाईच्या हातातला टॉवेल घेतला आणि माझं डोकं पुसायला लागले, लहानपणी पुसायचे तसं खसाखसा. सगळे बघत होते. पा. पण.
"झालं का तुझं?"
"माझं झालं, आप्पा."
"तुमचं?" असं पुढं विचारायचं होतं. तोंडावर टॉवेल होता.
आता ते पलीकडच्या खोलीत बातम्या ऐकतायत. अजून विचारलेलं नाही.