फाटकाबाहेरचा सेक्रेटरी

घाटकोपर, मे १९८४

प्रिय रुक्मिणीताई,

काविळीची साथ आली, तेव्हा सेक्रेटरी म्हणून आमच्या चाळीचं फाटक मीच बंद केलं. तू विक्रोळीहून भेटायला आलीस, तर तुलाही परत पाठवलं. मग कुंदाच्या खाणावळीची गिऱ्हाइकं बाहेरच अडकली, खालच्या शिंप्याचं मशीन थांबलं.

"रोगाने नाही, उपासाने मरू," कुंदा म्हणाली. नवरा असूनही मी ऐकलं नाही.

आठव्या दिवशी चाळीत एकालाच कावीळ झाली. मला! कमिटीने 'आजारी माणूस फाटकाबाहेर' हा माझाच नियम वाचून मला बाहेर काढलं.

"चार दिवस तुझ्याकडे येऊ का?" हे विचारायला बाकड्यावर बसून लिहितोय, तोच भावोजी रिक्षा घेऊन हजर. म्हणाले, "कुंदाचा निरोप मिळाला, तुझ्या ताईने पाठवलंय. चल, आमच्या घराला फाटक नाही."

पत्र टाकत नाही. निघालोच.

तुझा अतिशहाणा भाऊ,
नंदू